मासाळ सिस्टरांचं लिंबू

माझ्या डॉक्टरकीच्या पहिल्या नोकरीत मी एकच लेखी आदेश काढला, तो लिंबांविरुद्ध. 'प्रसूती विभागात लिंबे आणू अथवा ठेवू नयेत,' असा. खाली सही, शिक्का. ज्यांच्यासाठी तो काढला त्या मासाळ सिस्टरांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, पोच म्हणून सही केली आणि ज्या फळीवर लिंबं असायची तिथंच चिकटपट्टीनं लावून टाकला. लिंबं गेली. दुसऱ्या दिवसापासून फळीवर कोथिंबिरीच्या जुड्या दिसायला लागल्या.

मी फलटणकडची. घरी ऊस, दाराशी कालव्याचं पाणी, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आमच्याकडे चपलासुद्धा ओळीत लागायच्या. एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी नोकरी करणं भाग होतं आणि माझ्या वाट्याला आलं जत तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीजवळचं एक ग्रामीण रुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल. तिथं हात धुवायचं पाणी टँकरनं यायचं. पहिल्या आठवड्यात मी घरी फोन करून रडले. वडिलांनी विचारलं, जेवण मिळतंय का? मी हो म्हणाले. मग रडू नको, म्हणाले आणि फोन ठेवला.

तिथल्या प्रसूती विभागाच्या इन्चार्ज म्हणजे मासाळ सिस्टर. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या. चालायच्या इतक्या भरभर की त्यांच्याशी बोलायचं तर निम्मं बोलणं त्यांच्या पाठीशी व्हायचं. हातात पुरुषी घड्याळ, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. पेन खिशाला गॉजच्या पट्टीनं बांधलेलं, कारण डॉक्टर लोक पेन परत देत नाहीत, असं त्या माझ्याकडे बघून सांगायच्या. जन्म धनगराच्या घरचा. वडील वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन फिरायचे आणि लहानपणी त्याही मागं चालायच्या. कोकराला औषध पाजता आलं की माणसाचं बाळ सोपं, असं त्यांचं मत होतं. वडिलांची एक गोष्ट त्या फार अभिमानानं सांगत: दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलं आपलं मेंढरू ते अंगावरच्या खुणेवरून नाही, पायावरून ओळखायचे.

रागवायच्या मराठीत आणि धीर द्यायच्या कानडीत. बाळंतीण कळांनी कासावीस झाली की तिच्या कमरेवर हात ठेवून 'आतु, आतु' म्हणत राहायच्या. आतु म्हणजे झालं. प्रत्यक्षात अजून चार तास असायचे. सिस्टर, खोटं कशाला सांगता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, निम्मं झालं तरी झालंच की.

प्रसूती विभागाबरोबर त्यांच्याकडे आणखी एक काम होतं, जे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. लहानपणी काही मुलांना घसा सुजून, सांधे धरून ताप येतो. ताप जातो, पण जाताना हृदयाच्या झडपा खराब करून जातो. ती खराबी वाढू नये म्हणून अशा मुलांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, वर्षानुवर्षं. पांढरं, दाट औषध, जाड सुई; मोठा माणूसही ओठ चावतो. आसपासच्या गावांतली अशी मुलं मासाळ सिस्टरांकडे यायची. दुसऱ्या कुणाच्या हातून घ्यायला ती तयारच नसायची. सिस्टरांनी त्यांची एक वेगळी वही ठेवली होती.

त्यांची पद्धत ठरलेली. पोराला खिडकीशी उभं करायचं, दोन्ही हातांनी गज धरायला लावायचे आणि म्हणायचं, "अंगठे आत." पोरानं पायाचे अंगठे एकमेकांकडे वळवले की मागचं मांस आपोआप ढिलं पडतं आणि सुई कमी दुखते. पाच वर्षं डॉक्टरकी शिकून मला हे माहीत नव्हतं. एकदा उलट्यांनी बेजार झाले तेव्हा मीच त्या गजाला धरून उभी राहिले, आणि पाठीमागून हुकूम आला, अंगठे आत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढचे दोन दिवस मला खुर्चीत नीट बसता आलं नाही आणि त्यांनी तेवढंच विचारलं, उलट्या थांबल्या ना?

तर, लिंबू. कुठल्याही बाईला तपासायला आत घेतलं की तिच्याबरोबरच्या माणसाला, बहुधा सासूला, सिस्टर सांगायच्या, स्टँडवरनं एक लिंबू आणा. स्टँड चालत आठ-दहा मिनिटांवर. सासू जायची, लिंबू आणायची, सिस्टर ते गंभीरपणे घेऊन फळीवर ठेवायच्या. त्याचं पुढं काहीही होत नसे. संध्याकाळी कधी सगळ्यांना सरबत मिळायचं, एवढंच. मला वाटलं, ही बाई नजर उतरवते. सरकारी दवाखान्यात, माझ्या विभागात, लिंबू! मी त्यांना ऑफिसात बोलावून अंधश्रद्धा या विषयावर चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं मॅडम? एक बाई टेबलावर हाय." त्या रागात मी तो आदेश काढला.

कोथिंबिरीबद्दल मी काही बोलले नाही. आदेशात कोथिंबीर नव्हती.

उन्हाळ्यातली एक दुपार. ओपीडी संपत आली होती. एक सासू सुनेला घेऊन आली. सून विशीची, आठवा महिना निम्मा सरलेला, चार पावलं चालली की धाप, पाय सुजलेले, डोळे पांढरेफटक. कार्डावर नाव होतं प्रतीक्षा. हे नाव मी बदललं आहे, पुढे येणारंही. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासूनं दिलं. जेवण? व्यवस्थित. गोळ्या? रोज. याआधी कधी काही आजार?

"न्हाई बाई," सासू म्हणाली. "चांगली धडधाकट पोर बघूनच केली."

मी सुनेकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही. पोरगी अंग चोरून बसलेली, सासू समोर उभी, बाहेर रांग. मी स्टेथोस्कोप पदराखालून कसाबसा छातीला लावला आणि ऐकल्यासारखं केलं. रक्ताची तपासणी आली, रक्त फारच कमी होतं. मला सगळा उलगडा झाला असं वाटलं. रक्त कमी, म्हणून धाप. आमच्याकडे रक्त साठवायची सोय होती. मी तिला दाखल केलं, तिच्या गटाची पिशवी जुळवून घ्यायला सांगितली आणि बाळंतपण लवकर झालंच तर बाळाची फुप्फुसं तयार असावीत म्हणून एक इंजेक्शन लिहून दिलं. स्वतःवर मी बऱ्यापैकी खूश होते.

पिशवी येऊन स्टँडला लटकली. नळी जोडायची बाकी होती. सिस्टर आधी इंजेक्शन घेऊन आल्या आणि कमरेत देणार आहे एवढंच म्हणाल्या. पोरगी खाटेवरून उतरली, धापा टाकत खिडकीशी गेली, दोन्ही हातांनी गज धरले आणि कुणी काही न सांगता पायाचे अंगठे आत वळवले.

सिस्टर तशाच थांबल्या. त्या तिच्या पावलांकडे बघत होत्या. मग त्यांनी सुईला टोपण घातलं, पोरीला धरून खाटेवर बसवलं आणि माझ्याकडे वळल्या. मागं फळीवर माझा आदेश चिकटवलेला होता.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "एक लिंबू मागवू का?"

माझ्या तोंडावर 'नाही' आलंच होतं. पण त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ही बाई परवानगी मागत होती, आणि ती एरवी कधीच मागत नसे. मी मागवा म्हणाले.

सासू लगेच निघाली. का, कशाला, काही नाही. लिंबू म्हटल्यावर कुणी का म्हणून विचारत नाही. ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते समजून घ्यावं. दार लागलं, आणि त्या वेळी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सात महिने मी ज्याला नजर उतरवणं समजत होते ते खोली रिकामी करणं होतं.

सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. माहेरचं नाव काय गं तुझं, असं त्यांनी अगदी सहज विचारलं. पोरीनं बंद दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, महादेवी.

"अंगठे आत कुणी शिकिवलं?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुमीच की," ती म्हणाली.

अकराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत ती दर एकवीस दिवसांनी याच खिडकीशी उभी राहिली होती. वर्ष-सव्वा वर्षापूर्वी लग्न झालं. सासरी काही सांगायचं नाही असं घरात ठरलं, हृदयाचं ऐकून कोण पोरगी करील म्हणून. नांदायला गेलेली पोरगी दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायला कशी जाणार? बंद झालं. लग्नात रीतीप्रमाणे नाव बदललं, गाव बदललं आणि महादेवी आमच्या दवाखान्यासाठी नाहीशी झाली. सासर पंधरा किलोमीटरवर असून. सिस्टरांच्या वहीत तिच्या नावापुढे तारखा थांबलेल्या होत्या आणि पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह होतं. त्यांनी तिच्या माहेरी तिथल्या आशा सेविकेकडून दोनदा निरोप धाडला होता. पोरगी नांदायला गेली, एवढंच उत्तर आलं होतं.

मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, ब्लाउज सैल केला आणि या वेळी खरोखर ऐकलं. खोल कुठंतरी, जात्याच्या घरघरीसारखा, तो आवाज होता. झडप आवळली होती. अशा हृदयावर मी मागवलेलं रक्त नेहमीच्या वेगानं गेलं असतं तर फुप्फुसांत पाणी भरून ती माझ्या डोळ्यांदेखत गुदमरली असती. सिस्टरांनी तोवर पिशवी काढून परत पाठवली होती, उशाला दोन उशा लावल्या होत्या आणि ऑक्सिजन सुरू केला होता. अंगातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन मी लिहिलं तेव्हा ते त्यांच्या हातात भरून तयार होतं.

"आत्यास्नी सांगू नका," पोरगी म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "मला परत धाडतील."

हाच खरा पेच होता. एका बाजूला जीव, दुसऱ्या बाजूला संसार, आणि पोरीला जिवाहून संसाराची भीती जास्त. मी म्हणणार होते की हे लपवून चालणार नाही, घरच्यांना कळायलाच पाहिजे. सिस्टरांनी मला बोलूच दिलं नाही.

"मी न्हाई सांगत," त्या तिला म्हणाल्या. "पर कागदावर लिवणार, डॉक्टरला सांगणार, त्यात लपवालपवी न्हाई. घरात काय आन् कवा सांगायचं, ती तुझं तू ठरव. आधी जगून घे."

सासू लिंबू घेऊन आली तेव्हा अँब्युलन्स बोलावून झाली होती. मी तिला सांगितलं, पोटातल्या बाळाचा भार हृदयाला झेपत नाहीये, सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. यातला एक शब्दही खोटा नव्हता. बाई घाबरली, पदर डोळ्याला लावला, मग एकदम हातातलं बघून म्हणाली, आणि ह्याचं काय करू? सिस्टरांनी ते पिवळं धमक लिंबू घेतलं आणि माझ्या आदेशाखाली, फळीवर नीट मांडून ठेवलं.

पुढचे पाच-सहा आठवडे मला झोप नव्हती. दर दोन दिवसांनी सांगलीच्या वॉर्डात फोन करायचा हा सिस्टरांचा नेम. त्या फोन लावायच्या आणि मी आसपास काहीतरी शोधत असल्यासारखी घुटमळायचे. एके दिवशी सकाळी ओपीडीत पन्नास माणसं बसलेली असताना त्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आतु."

दिवस भरून मुलगी झाली होती, आई-बाळ दोघी बऱ्या होत्या. मी समोरच्या आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच बसून राहिले. आजोबांना वाटलं, गुडघ्याचं काही अवघड निघालं. त्या दिवशी दुपारी मी माझा आदेश स्वतःच्या हातानं खरवडून काढला. चिकटपट्टीचा डाग मात्र राहिला.

नंतर मांडीच्या शिरेतून फुगा घालून तिची झडपही मोकळी करून झाली. हे सगळं होईपर्यंत पोरीला धीर आला आणि तिनं आपणहून सासूला सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सासू आमच्या दवाखान्यात हजर. सिस्टरांसमोर बाकावर बसली आणि व्याह्यांना यथेच्छ बोलली. सिस्टरांनी तिला पाणी दिलं आणि बोलू दिलं. सगळा राग निवल्यावर ती म्हणाली, "आमी काय वाघ हाय का वं? सांगितलं असतं तर काय खाल्ली असती तिला?" सिस्टर म्हणाल्या, ते तिला आधी कसं कळावं? मग वही काढली, ते प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसलं आणि महादेवीच्या पुढं कंसात प्रतीक्षा असं लिहिलं. पुढचा एकविसावा दिवस कुठला येतो ते सासूलाच मोजायला लावलं. त्यानंतर माझं वर्ष संपेपर्यंत सासूच तिला घेऊन येत होती, कडेवर नात. एकदाही चुकली नाही.

निघायच्या दिवशी मी सिस्टरांना विचारलं, लिंबाचं मला आधीच का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "सासू पुढ्यात असली की पोरगी समद्याला न्हाईच म्हणती. ही तुमाला सांगायचं म्हणलं तर तुमी लगीच आदेश काढला असता, सासवांनी भाईर थांबावं म्हणून. मग एकबी सासू सुनंला आत सोडती व्हय?" मला वाईट वाटलं, कारण खरंच काढला असता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन कराडला आले. माझ्या टेबलामागच्या फळीवर एक वाटी असते आणि तिच्यात बहुधा दोन-चार लिंबं असतात. समोर रस्त्यापलीकडे भाजीवाली बसते. तिला वाटतं की डॉक्टरीणबाईंना पित्ताचा त्रास असावा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दार उघडून मासाळ सिस्टर आत आल्या. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, चाल जरा मंदावलेली, घड्याळ तसंच मनगटाच्या आत. बरोबर त्यांची सून होती. मुलगा इथल्याच एका कारखान्यात नोकरीला, सुनेला पाचवा महिना. मी उठून त्यांच्या पाया पडले. त्यांना ते आवडलं नाही. पेशंट बघा आधी, म्हणाल्या.

मी सुनेला विचारायला लागले. जेवण, झोप, गोळ्या. सून हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्याला ठीक म्हणत होती. आधी कधी काही आजार, असं विचारलं तेव्हा तिनं मान हलवली, नाही. हलवताना तिची नजर एक क्षणभर सिस्टरांकडे गेली. मी घुटमळले. जगातल्या कुठल्याही सासूला मी त्या क्षणी बाहेर पाठवलं असतं, पण हिला कसं पाठवायचं? ज्यांनी मला हे शिकवलं त्यांनाच?

सिस्टर उठल्या. खुर्ची सरळ केली, पिशवी काखेत मारली.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मी एक लिंबू घिऊन येते."

दार लागलं. सुनेला काहीच कळलं नाही. मी तिला दोन प्रश्न विचारले. तिनं काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर सिस्टर मला आयुष्यात पुन्हा तोंड दाखवू देणार नाहीत. एवढंच सांगते की घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते वेळेवर कळलं. पोरगी बोलली, थोडी रडली, मग मोकळी हसली. दहा मिनिटंही लागली नसतील.

सिस्टर अजून का आल्या नाहीत म्हणून मी खिडकीशी गेले. रस्त्यापलीकडे भाजीवालीच्या शेजारी त्या उभ्या होत्या. लिंबू केव्हाच घेऊन झालं होतं, हातात दिसत होतं. उन्हात डोळ्यांवर पदर ओढून, मनगटातल्या घड्याळाकडे बघत त्या तशाच थांबल्या होत्या. मी हात केला, तेव्हा कुठं त्यांनी रस्ता ओलांडला.